मदतनिसांचा तक्ता, पिठाची गिरणी आणि कच्चा लिंबू : बालवाडीतील मुलांना विचार करायला कसे शिकवावे?

एका अंगणवाडी सेविकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : “आमच्या भिंतीवर ‘आपले मदतनीस’ हा तक्ता आहे. डॉक्टर काय करतात, पोलीस काय करतात, पोस्टमन काय आणतो, हे मुले घडाघडा सांगतात. पण ‘पोस्टमन आलाच नाही तर काय होईल?’ असे विचारले की सगळी गप्प बसतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना परिसराची आणि समाजाची ओळख करून देताना तर्क करायला, कारण द्यायला शिकवता येते का? की हे वय त्यासाठी फार लहान आहे?” बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात बरीच वर्षे काम करताना हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत कानावर आला आहे. नवा तक्ता आणून तो सुटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी वयाच्या शंकेविषयी. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या प्रयोगांवरून असा समज रूढ झाला की, सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून पाहता येत नाही. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती मांडून पलीकडे बसवलेल्या बाहुलीला काय दिसत असेल, असे विचारले की लहान मुले स्वतःला दिसणारेच चित्र निवडत असत. पुढे १९७०च्या दशकात एडिंबरा येथे बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन यांचे सहकारी मार्टिन ह्यूज यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती, पोलिसाच्या दोन बाहुल्या आणि लहान मुलाची एक बाहुली. पोलिसांना दिसणार नाही अशा ठिकाणी त्या बाहुलीला लपवायचे. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिलेली सुमारे ९० टक्के उत्तरे बरोबर आली. डोंगर कोणत्या बाजूने कसा दिसतो याच्याशी मुलाला काही देणेघेणे नसते, लपणे आणि पकडले जाणे मात्र त्याच्या रोजच्या अनुभवातले असते. या वयातील मूल तर्क करते, पण तो माणसांच्या हेतूंशी, गरजांशी आणि भांडणांशी जोडलेला असेल तेव्हा करते.

म्हणूनच समाजाची ओळख हा या वयातील विचारशक्तीला सर्वांत जवळचा विषय आहे, असे माझे ठाम मत आहे. “काल पण तीच पुढे होती”, “त्याने आधी हात लावला, पण घेतलं मी”, “तू मला दिलं नाहीस, म्हणून मी तुला देणार नाही” ही वाक्ये बालवाडीत दिवसभर ऐकू येतात आणि त्यांतील प्रत्येकात कारण आहे, पुरावा आहे, क्वचित पूर्वीच्या निवाड्याचा दाखलाही आहे. आपण मात्र हा सगळा युक्तिवाद ‘भांडू नका’ म्हणून बंद करतो आणि मग तक्त्यासमोर बसवून विचार करायला सांगतो. तक्त्याचा खरा दोष असा की, त्यातल्या कोणत्याही प्रश्नात शोधण्यासारखे काही नसते. डॉक्टर औषध देतात, हे उत्तर ठरलेले आहे आणि ते ताईंना ठाऊक आहे, हे मुलांनाही ठाऊक असते. पोस्टमन तर आता कित्येक मुलांनी पाहिलेलाही नाही. जो कधी आलाच नाही, तो आला नाही तर काय होईल, याचे उत्तर मुलांनी द्यावे तरी कसे?

यासाठी धोरणाची आडकाठी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर एकत्र धरला आहे आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, संवाद आणि भोवतालचा अनुभव यांवरच भर आहे. आपल्याकडे तर ही वाट त्याहून कितीतरी जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने वारली पाड्यांतील मुलांच्या अंगणात शाळा भरवली. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. मुलांच्या हाताशी असलेले बी-बियाणे, शंख-शिंपले, पाने हेच त्यांचे साहित्य होते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे, त्यासाठी विकतचे काही लागत नाही.

सुरुवात तक्त्यावर नसलेल्या मदतनिसांपासून करावी. अंगणवाडीत मदतनीस ताई असतात. त्या मुलांना घरून घेऊन येतात, खोली झाडतात, पाणी भरतात, खाऊ वाढतात. ‘आपले मदतनीस’ या तक्त्यात त्यांचे चित्र मी कोठेही पाहिलेले नाही. एखाद्या दिवशी मुलांना विचारावे, “आपण यायच्या आधी ताईंनी काय काय केलं असेल?” पाहिले तर मुलांनी काहीच नाही, कारण तेव्हा ती आलेलीच नव्हती, पण खुणा खोलीभर आहेत. फरशी ओली आहे, केरसुणी कोपऱ्यात उभी आहे, पिंप भरलेले आहे, सतरंजी अंथरलेली आहे. खुणेवरून घडलेली गोष्ट ओळखणे हा अनुमानाचा पहिला धडा आहे आणि उत्तर खरे की खोटे ते ताईंनाच विचारून लगेच पडताळता येते. “आधी सतरंजी घातली की आधी झाडलं?” या प्रश्नावर चार वर्षांची मुले आवेशाने भांडतात, आणि “आधी सतरंजी घातली असती तर खाली कचरा राहिला असता” असे म्हणून कोणीतरी सतरंजी उचलून पाहते. उचलू द्यावी.

यानंतर बाहेर पडावे. दवाखाना, पोलीस चौकी, पोस्ट अशी नेहमीची यादी सोडून मी पिठाची गिरणी सुचवते, आणि तीच थोडी जवळून दाखवते. गिरणी बहुतेक गावांत आणि वस्त्यांत चालत जाण्याच्या अंतरावर असते, मुलांच्या घरचा डबा तेथे जातो, काम डोळ्यांसमोर घडते, आणि तेथे अनेक माणसांच्या गरजा एकमेकींशी टकरावत असतात. एक काळजी मात्र आधीच घ्यावी : पट्टा आणि मोटर यांपासून मुले दूर राहतील अशी जागा गिरणीवाल्या काकांशी बोलून ठरवावी आणि गर्दी नसेल अशा वेळी जावे.

जाण्याआधी वर्गात एकच प्रश्न ठेवावा : “काकांकडे इतके डबे असतात, तर कोणता डबा कोणाचा हे त्यांना कसं कळतं?” मुलांच्या अटकळी फळ्यावर चित्रांनी काढाव्यात. काका वाचतात, म्हणून अक्षराचे चित्र; झाकणाचा रंग वेगळा असतो, म्हणून झाकणाचे चित्र; “काका सगळ्यांच्या आईंना ओळखतात”, म्हणून एका बाईचे चित्र. कोणती अटकळ बरोबर आहे, हे येथे बोलायचे नाही. प्रत्येक मुलाने आपल्याला पटलेल्या चित्राखाली एक चिंचोका ठेवावा, म्हणजे न बोलणारे मूलही आपला अंदाज नोंदवते. गिरणीत पोहोचल्यावर मुले खरोखर डबे न्याहाळू लागतात, कारण आता त्यांचे काहीतरी पणाला लागलेले असते. कोणा डब्याला पोचा आहे, कोणावर लग्नात घातलेले नाव कोरलेले आहे, कोणाच्या झाकणाला चिंधी बांधली आहे, कोणात चिठ्ठी टाकली आहे. बहुधा मुलांच्या एकाहून अधिक अटकळी खऱ्या निघतात, आणि एका प्रश्नाला अनेक खरी उत्तरे असू शकतात, हे सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

गिरणीतील सर्वांत मोलाचा प्रसंग रांगेचा असतो. काका आधी सगळ्यांचे गहू दळून घेतात आणि बाजरी मागे ठेवतात. उपवासाचे पीठ तर गिरणी साफ करून वेगळेच दळतात. बाजरीवर लगेच गहू टाकला, तर सुरुवातीच्या पिठात बाजरी मिसळते आणि पीठ काळपट दिसते. दोन्ही पिठे तळहातावर घेऊन मुलांना हे पाहता येते. पण मग आधी येऊन बसलेल्या बाजरीवाल्या आजीचे काय? वर्गात परतल्यावर हा पेच मांडला की साधारण अशी चर्चा होते :

“आजी आधी आली, मग तिचं आधी दळायला पाहिजे.”

“तिचं दळलं तर आमच्या पोळ्या काळ्या होतील.”

“आजीनं डबा ठेवून घरी जायचं, मग संध्याकाळी यायचं.”

“आणि तिच्या घरचं पीठ संपलं असेल तर?”

या चार वाक्यांत नियम, परिणाम, तोडगा आणि अट असे सगळे येऊन गेले आहे. येथे सेविकेने काय करावे, असे मला प्रशिक्षणात हमखास विचारले जाते. फारसे काही करू नये. “शाब्बास, बरोबर” म्हणू नये, कारण त्या क्षणी चर्चा संपते. निकालही देऊ नये, कारण या पेचाला एकच न्याय्य उत्तर नाही. रांगेचा नियमही योग्य आहे आणि पीठ न मिसळण्याची काळजीही योग्य आहे. फार तर एखाद्या मुलाचे म्हणणे सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणावे आणि ज्याचे मत वेगळे आहे त्याच्याकडे पाहावे. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग नाटुकल्यातून करून पाहावा. काल ‘गव्हा’च्या बाजूने बोलणाऱ्या मुलाला आज आजी करावे.

त्याच नाटुकल्यात आणखी एक गंमत घालता येते. आजी डबा बाकावर ठेवून घरी जाते. ती गेल्यावर काका डबा उचलून टेबलाखाली सारतात. आता आजी परत आली की डबा आधी कुठे बघेल? तीन वर्षांची बरीच मुले ‘टेबलाखाली’ म्हणतात, कारण डबा तेथे आहे हे त्यांना माहीत असते. साधारण चार वर्षांनंतर मुले ‘बाकावर’ म्हणू लागतात, कारण आजीला ठाऊक नाही हे त्यांच्या लक्षात येते. मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ साली चॉकलेट हलवण्याच्या गोष्टीतून नेमके हेच तपासले होते. तीन वर्षांच्या मुलाला ‘चुकलास’ म्हणू नये. त्याला आजी करून दाराबाहेर उभे करावे, त्याच्या नकळत डबा हलवावा आणि आत बोलवावे. समजावण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, आणि मुले पोट धरून हसतात तो भाग वेगळाच.

“लाईट गेली तर गिरणी चालेल का?” हा प्रश्न बहुतेक वेळा मुलांकडूनच येतो. “मग आई भात करील” असे व्यवहारी उत्तरही येते. त्याला धरून पुढचा प्रश्न ठेवावा : “गिरणीच नव्हती तेव्हा काय करत असतील?” आता कोणाच्या तरी घरातील किंवा अंगणात पडलेले जाते पाहायला जावे. लहान मुलांना इतिहास शिकवता येत नाही असे म्हणतात. तारखा आणि राजे शिकवता येत नाहीत, एवढेच त्यात खरे आहे. जाते समोर असले की मुलांना त्याचा उपयोग न सांगता विचारावे, “हे काय असेल? कशावरून वाटतं?” वरच्या दगडाला मधोमध भोक आहे, कडेला खुंटा आहे, दोन दगडांच्या मधल्या बाजू खडबडीत आहेत आणि फटीत पांढरट पूड अडकली आहे. गिरणी पाहून आलेली मुले भोक आणि पूड यांवरून ‘छोटी गिरणी’ हे ओळखतात. मग घरातल्या आजींनी मुठीने वैरण, म्हणजे दाणे, घालून दाखवावे, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून ते पुन्हा खडबडीत कसे करून घेत असत ते सांगावे, ओवी म्हणावी. ओवीवर प्रश्नोत्तरे करू नयेत. ती ऐकण्यासाठीच असते.

जाते जुने आहे हे कशावरून, असे विचारल्यावर दोन प्रकारची उत्तरे येतात. एक मूल म्हणते, “आजी म्हणाली म्हणून.” दुसरे म्हणते, “खुंटा गुळगुळीत झालाय, खूप वेळा धरलाय.” दोन्ही उत्तरे पुराव्याचीच आहेत, एक साक्षीचा पुरावा, दुसरा खुणेचा. इतिहासाचा अभ्यासक यापेक्षा निराळे काही करत नाही. पहिले उत्तर कमी प्रतीचे मानू नये. मात्र “आजींना कसं माहीत?” असा पुढचा प्रश्न जोडावा, म्हणजे सांगणाऱ्यालाही कोठून कळले असेल, याचा विचार सुरू होतो.

प्रश्न कसे विचारावेत याविषयी येथेच सांगते, कारण बहुतेक उपक्रम याच ठिकाणी बिघडतात. ‘का?’ हा प्रश्न या वयाला जड जातो. मोठ्यांच्या तोंडून ‘असं का केलंस?’ हे रागावतानाच ऐकलेले असल्यामुळे मूल बचावाला लागते किंवा ‘असंच’ म्हणून मोकळे होते. त्यापेक्षा ‘तुला कसं कळलं?’, ‘काय बघून वाटलं?’, ‘तसं नसतं तर काय झालं असतं?’ हे प्रश्न बोलते करतात. प्रश्न विचारून थांबणे त्याहून महत्त्वाचे आहे. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली, बोलणारी मुले वाढली आणि कारणे देणेही वाढले. वर्ग त्यांचे प्राथमिक शाळेचे होते. बालवाडीत तर मी मनात पाच मोजायला सांगते. तिसरी गोष्ट, तोच प्रश्न त्याच मुलाला लागोपाठ दोनदा विचारू नये. डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी दाखवले होते की, सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक मोठ्या माणसाने पसरून ‘आता सारख्या आहेत का?’ असे पुन्हा विचारले की पुष्कळ मुले उत्तर बदलतात, पण तीच रांग एका खोडकर टेडी अस्वलाने विस्कटली, तर कितीतरी अधिक मुले ‘सारख्याच आहेत’ म्हणतात. मोठे माणूस पुन्हा विचारते आहे म्हणजे आपले चुकले असावे, असा मुलाचा कयास असतो. तोही तर्कच आहे, फक्त आपल्याला नको असलेला.

आता नियमांकडे वळते. या विषयाला वर्गातले नियम पाठ करण्याचे रूप येते, ते टाळावे. पकडापकडी खेळताना सर्वांत लहान मुलाला ‘कच्चा लिंबू’ करण्याची आपली जुनी पद्धत आहे. तो खेळतो, पळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. एवढ्या एका गोष्टीवर आठवडाभर चर्चा चालू शकते. कच्चा लिंबू कोणाला करायचे? “लहान आहे त्याला.” लहान म्हणजे किती? मोठ्या मुलाचा पाय मुरगळला असेल तर? येथे मुलांना नियमामागचे कारण शोधावे लागते, कारण वय हे खरे कारण असेल तर पाय मुरगळलेल्या मोठ्याला सवलत नाही, आणि पळता न येणे हे कारण असेल तर ती आहे. काही मुले वयाला चिकटून राहतात, काही कारणाकडे वळतात. मग कोणीतरी हळूच पाय मुरगळल्याचे सोंग करते आणि पुराव्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो. सगळ्यांना सारखे आणि ज्याला जशी गरज तसे, या दोन न्यायांमधला ताण मोठ्यांनाही सुटलेला नाही. मुलांना तो कच्च्या लिंबापाशी हाताळता येतो.

नियमांचे प्रकारही मुले ओळखतात. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात बालवाडीच्या वयाची मुलेसुद्धा दुसऱ्याला इजा करणे आणि केवळ रीत मोडणे यांत फरक करताना दिसली. आपल्याला हे असे करून पाहता येईल : “उद्या मी म्हटलं की चपला दाराशी न ठेवता खिडकीखाली ठेवायच्या, तर चालेल?” चालेल. “उद्या मी म्हटलं की ढकललेलं चालेल, तर चालेल?” बहुतेक मुले नाही म्हणतात आणि “त्याला लागेल” हे कारण देतात. हो म्हणणारे एखादे मूल असतेच. त्याच्याशी वाद घालू नये, “ज्याला ढकललं त्याला विचारू या” एवढे म्हणावे. चपलांचा नियम मात्र खरोखर दोन दिवस बदलून पाहावा, म्हणजे काही नियम आपणच ठरवतो आणि बदलू शकतो, हे हाताला लागते.

नकाशाच्या उपक्रमात फार साहित्य नको. जमिनीवर खडूने रस्ता, काड्यापेट्यांची घरे, एक दगड म्हणजे मारुतीचे देऊळ, एक बाटलीचे झाकण म्हणजे हापसा. “हापशावर पाणी भरणाऱ्या मावशींना आपलं दार दिसत असेल का?” प्रत्येकाने अंदाज सांगावा आणि मग सगळ्यांनी हापशापर्यंत चालत जाऊन वळून पाहावे. अंदाज पायांनी पडताळता येईल एवढ्याच परिसराचा नकाशा या वयात करावा. दिशा, जिल्हा, राज्य यांची घाई नको. राष्ट्रीय प्रतीके, थोर पुरुषांची नावे, सण हे गाण्यांतून आणि गोष्टींतून जरूर यावे, पण त्यातून तर्कशक्ती वाढेल अशी अपेक्षा करू नये. बाजार-बाजार खेळ सगळेच घेतात. त्यात फक्त एवढी सुधारणा करावी की, मुलाकडे चिंचोके कमी आणि घ्यायच्या वस्तू जास्त असाव्यात, म्हणजे निवड करावी लागते आणि निवडीचे कारण सांगता येते.

कुटुंबाच्या विषयात हात जपून टाकावा. ‘माझी आई घरी असते, ती काही करत नाही’ हे वाक्य प्रत्येक बालवाडीत निघते. त्यावर भाषण न देता कामांची चित्रे मांडावीत : भांडी घासणे, खुरपणे, रिक्षा चालवणे, बाळाला झोपवणे, टीव्ही पाहणे. “यांतलं काम कोणतं?” पाच वर्षांचे एखादे मूल म्हणते, “पैसे मिळतात ते काम.” मग उदाहरण पुढे करावे : मदतनीस ताई इथे भांडी घासतात आणि घरी जाऊनही भांडी घासतात, इथे ते काम आणि घरी ते काम नाही का? हे उलट उदाहरण मुलाला स्वतःची कसोटी दुरुस्त करायला लावते. ‘सगळे’ आणि ‘काही’ यांतला फरकही असाच शिकवावा. “पोलीस बाप्येच असतात” असे कोणी म्हटले, तर एकच महिला पोलीस पुरे होते, आणि ती चित्रात दाखवण्यापेक्षा नाक्यावर भेटली तर उत्तम.

मराठवाड्यातील ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेथे काही मुले अचानक दिसेनाशी होतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. मागे राहिलेल्या मुलांना त्याचे कारण कोणी सांगत नाही, म्हणून ती स्वतःच कारण रचतात. “त्याला काढून टाकलं” असेही ऐकू येते. येथे खरे कारण साध्या शब्दांत सांगून विचाराला वाट द्यावी : ते बरोबर काय काय नेतील? शेळी कोणाकडे असेल? तिथे झोपत कुठे असतील? मूल परतल्यावर मात्र त्याला प्रश्नांच्या घेऱ्यात उभे करू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे. गाळपाच्या कारखान्याविषयी त्याला सेविकेपेक्षा अधिक माहिती असते आणि त्या दिवसापुरते तेच तज्ज्ञ असते.

भाषेविषयी थोडक्यात. घरी अहिराणी, वारली, गोरमाटी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाकडून कारण हवे असेल, तर ते त्याच्या भाषेतच येऊ द्यावे. प्रमाण मराठीत सांगायला लावले की मुलाची सगळी शक्ती शब्द शोधण्यात जाते आणि कारण तोकडे राहते. समजत नसेल तर शेजारच्या मुलाला अर्थ विचारावा.

वयानुसार अपेक्षा वेगळ्या ठेवाव्यात. तिसऱ्या वर्षी पाहणे, नाव देणे, दोनांतून एक निवडणे पुरेसे आहे. चौथ्या वर्षी ‘म्हणून’ येऊ लागते. पाचव्या-सहाव्या वर्षी ‘जर-तर’ आणि ‘पण’ येते. नोंद ठेवताना उत्तर बरोबर की चूक हे लिहू नये. मुलाचे वाक्य त्याच्याच शब्दांत, तारखेसह, वहीत उतरवावे आणि पुढे दोनच गोष्टींची खूण करावी : त्याने कारण दिले का, आणि दुसऱ्याचे ऐकून किंवा पाहून आपले मत बदलले का. पालक ‘लिहायला कधी शिकवणार?’ असे विचारतात, तेव्हा हीच वही त्यांच्यापुढे उघडावी; आपल्या मुलाचे वाक्य वाचून पालक थांबतात आणि पुढचे पान उलटतात.

शेवटी व्यवस्थेची अडचण. सेविका एक, मुले पुष्कळ, आणि सगळ्या वयांची एकत्र. तीस मुलांशी एकाच वेळी अशी चर्चा होत नाही; ती सहा-सात मुलांतच होते. बाकीची मुले मुक्त खेळात किंवा मदतनीस ताईंसोबत असताना रोज एकच गट घ्यावा, दहा मिनिटे बोलावे आणि मुले उठू लागली की थांबावे. गटात दोन मोठी, दोन मधली आणि दोन लहान मुले असावीत. मोठ्यांची कारणे ऐकून लहान मुले ती काही दिवसांनी जशीच्या तशी, पुष्कळदा चुकीच्या जागी, वापरू लागतात. ती चुकीच्या जागी वापरली तरी वहीत लिहून ठेवावीत.